खंड वेगळा, एल निनो वेगळा

ऐन पावसाळ्यात पंधरा दिवस पाऊस फिरकला नाही, म्हणजे खंड पडला, की आमच्या पश्चिम विदर्भात पारावर एकच निकाल लागतो: "एल निनो आला." मला हे ऐकून काळजी वाटते, कारण रोग ओळखण्यात चूक झाली की उपायही चुकतो.

एल निनो घडतो हजारो मैल दूर. प्रशांत महासागरात विषुववृत्ताजवळचं मधलं आणि पूर्वेकडचं पाणी सरासरीपेक्षा किमान अर्धा अंश तापतं आणि महिनोन्‌महिने तसंच राहतं. ढगांचा जोर मग तिकडे सरकतो आणि आपल्या मान्सूनची ताकद कमी होण्याची शक्यता वाढते. शक्यताच, खात्री नव्हे. 1997 साली एल निनो जबरदस्त होता, तरी देशात पाऊस सरासरीच्या 102 टक्के झाला. 2002 चा त्याहून कितीतरी सौम्य, पण पाऊस 81 टक्क्यांवर अडकला आणि जुलैत पाऊस जवळपास निम्माच झाला.

खंड मात्र मान्सूनच्या पोटातलाच. राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो. तिकडे धो-धो पाऊस, आणि इकडे ओडिशा-छत्तीसगडमार्गे येऊन झड लावणाऱ्या प्रणाली थांबतात. चांगल्या वर्षातही हे होतं, एल निनो असो वा नसो. एल निनोच्या वर्षी खंड लांबण्याची भीती जास्त, एवढंच दोघांचं नातं. एल निनोच्या 2023 मध्ये ते स्पष्ट दिसलं: जुलै बरा गेला, ऑगस्टमध्ये देशभरात 36 टक्के तूट पडली. 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. सप्टेंबरने हात दिला आणि हंगाम 94 टक्क्यांवर संपला. कागदावर तूट थोडीच. पण सोयाबीन शेंगेत दाणा भरत असताना जमिनीत ओल नसेल, तर नंतरची सर दाणा परत आणत नाही. हंगामाची सरासरी खंड झाकून टाकते, आणि नुकसान तर खंडच करतो. म्हणून गावातल्या माणसाने टक्केवारीपेक्षा पावसाच्या तारखा लिहून ठेवाव्यात असं मला मनापासून वाटतं.

जमिनीचाही फरक आहे. भारी काळ्या रानात पीक काही दिवस तग धरतं, बरड म्हणजे हलक्या रानात आठवड्यातच माना टाकतं.

एल निनोचा विचार पेरणीआधी करायचा. हवामान विभागाचा हंगामाचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये येतो, तेव्हाच सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घालायच्या की नाही हे ठरवता येतं. खंडाशी झुंज उभ्या पिकात. डवरे म्हणजे कोळपं ओळींमधून फिरवून भेगा बुजवायच्या, विहिरीत पाणी असेल तर एक संरक्षित ओलीत द्यायचं, खताचा हप्ता ओल येईपर्यंत थांबवायचा. त्यासाठी हवामान विभागाचा दर गुरुवारी निघणारा पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज पाहायचा. प्रशांत महासागराच्या बातमीवरून आठवड्याचं ओलीत ठरत नाही.