बेस गिटारच्या मानेतली सळई

जुलैत भाचा बेस गिटार घेऊन घरी आला. "मामा, तारा फार वर गेल्यात, बोटं दुखतात. ट्रस रॉड आवळला की खाली येतील ना?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट लिहायलाच हवं. तारांची उंची ठरते ब्रिजवरच्या (धडावरच्या तारांच्या आधारावरच्या) सॅडलच्या, म्हणजे तार टेकते त्या छोट्या ठोकळ्यांच्या, स्क्रूंनी. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, ठरवतो तो मानेचा बाक. बाक कमी झाला की तारा थोड्या खाली येतात हे खरं, आणि गैरसमज होतो तो तिथेच.

हा बाक येतो कुठून? चार तारा सुरात लावल्या की मिळून साधारण ७५ किलोची ओढ लागते. एक धडधाकट माणूस मानेचं टोक रात्रंदिवस खेचत बसल्यासारखंच हे. शिवाय ही ओढ लाकडाच्या मधून जात नाही, वरून जाते. मान सुमारे २१ मिमी जाड, म्हणजे तिचा मध्य १० मिमी आत. त्यावर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, त्यावर तार. मध्यापासून तारेपर्यंत अंतर भरतं दीड सेंटीमीटर. शाळेत शिकलेलं आठवा: बल गुणिले अंतर म्हणजे आघूर्ण. ७५ गुणिले १.५, म्हणजे सुमारे ११२ किलो-सेंटीमीटर. एवढ्या आघूर्णाने मान धनुष्यासारखी वाकते. टोकं तारांकडे उचलली जातात, मधला भाग खाली जातो.

यावरचा उपाय म्हणजे मानेच्या आत बसवलेली पोलादी सळई. नट फिरवून ताण बदलता येईल अशा सळईचं पेटंट गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली मिळालं. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आला १९५१ साली. त्याच्या मेपलच्या एकसंध मानेच्या पाठीवर अक्रोडाची गडद पट्टी दिसते. सळई तिथूनच आत घालून वरून ती पट्टी बसवलेली असते.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. पुष्कळांना वाटतं की सळईमुळे मान 'मजबूत' होते. पण सळई मानेच्या बरोबर मध्यातून सरळ गेली असती, तर कितीही आवळली तरी लाकूड फक्त लांबीत दाबलं गेलं असतं. बाकावर काहीच परिणाम झाला नसता. म्हणून फेंडरच्या पारंपरिक मानेत खाच वक्र असते: टोकांना फ्रेटबोर्डजवळ (फ्रेट बसवलेल्या पुढच्या बाजूजवळ), मध्ये पाठीकडे. नट आवळला की सळई सरळ व्हायला बघते आणि मानेचा मधला भाग वर उचलते. उड्डाणपुलाच्या गर्डरमध्ये हेच चालतं. तिथे केबल झोळीसारख्या टाकतात, टोकांना वर आणि मध्ये खाली. जॅकने ताणल्या की गर्डरचं पोट वर ढकललं जातं आणि वाहनांचा भार पेलला जातो. अशा आधीच ताणलेल्या, म्हणजे पूर्वताणित, काँक्रीटचं फ्रेंच अभियंता फ्रेसिने यांचं पेटंट १९२८ चं, मॅकह्यूंच्या सळईनंतरचं!

थोडं गणित आणखी. समजा, सळई मध्यभागी तटस्थ अक्षाच्या, म्हणजे वाकताना जिथे लाकूड ना ताणलं जातं ना दाबलं जातं त्या मधल्या रेषेच्या, ४ मिमी खाली आहे. तारांचं आघूर्ण पूर्ण फेडायचं तर ११२ भागिले ०.४, म्हणजे २८० किलोचा ताण हवा. बोटभर ॲलन कीने (नट फिरवायच्या षटकोनी किल्लीने) आपण केवढ्या बलाशी खेळतोय ते यावरून कळेल. जोर लावून नटाचे आटे घालवलेले बेस मी पाहिलेत.

सुदैवाने बाक पूर्ण घालवायचा नसतोच. सर्वांत जाड ई तार फ्रेटवर न दाबता छेडली की सेकंदाला ४१ वेळा थरथरते आणि ८६४ मिमी लांबीच्या तारेचा मधला भाग उड्यांच्या दोरीसारखा सर्वांत जास्त फुगतो. मान अगदी सपाट असेल तर तार फ्रेटवर खरखरते. तानपुऱ्यात जवारी हवी असते, इथे ती नको. म्हणून साधारण ०.३ मिमीचा खोलगटपणा ठेवतात. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, तीच पट्टीसारखी सरळ होते. मग सातव्या-आठव्या फ्रेटवर फट मोजा. स्कूटर मेकॅनिककडचं फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच, उत्तम. नसेल तर व्हिजिटिंग कार्ड.

'पावसाळा लागला की पाव फेरा आवळा' असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याला आधार नाही. लाकूड दमट हवेत आडवं बरंच फुगतं, लांबीत अगदी कमी. मान कुठल्या बाजूला वळेल ते फ्रेटबोर्ड आणि मान यांच्या लाकडांतल्या फरकावर आणि लाकडाच्या तंतूंच्या रेषांवर अवलंबून. एकाच खोलीतले दोन बेस उलट दिशांना जाऊ शकतात. रोज रात्री तारा सैल करणंही व्यर्थ. त्याने उलट सळईच एकटी मान मागे खेचत बसते.

भाच्याच्या बेसवर फट भरली ०.७ मिमी. नट घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. इंचाला ३२ आटे असतील तर नट एवढ्यात जेमतेम ०.२ मिमी सरकतो. तारा पुन्हा सुरात लावल्या आणि बेस रात्रभर तसाच ठेवला, कारण लाकूड हळूहळू बसतं. सकाळी ०.४५. आणखी थोडंसं आवळलं, संध्याकाळी कार्ड अलगद सरकलं. तारा तरीही जरा उंचच होत्या. मग भाच्याने सॅडलचे स्क्रू हातात घेतले.