चिलिका: ‘संवर्धन’ या शब्दाचा घोळ

ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या चिलिका या निमखाऱ्या सरोवरात, हिवाळ्यात बारकुलहून नलबन बेटाकडे निघालेल्या बोटीतून पाण्यात रोवलेले बांबू अजूनही कुठे कुठे दिसतात. त्यांना बारीक आसाचं जाळं बांधलेलं असतं, एखाद्या टोकावर पंख वाळवत पाणकावळा बसलेला असतो. पर्यटक त्याचा फोटो काढतात. हे बांबू ‘घेरी’चे, म्हणजे कोळंबी वाढवण्यासाठी जाळ्याने घेरलेल्या पाण्याच्या कुंपणाचे, आणि चिलिकाचा गेल्या तीन-चार दशकांतला इतिहास या घेरीभोवतीच फिरतो.

सरोवरातली मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक मच्छीमार जातींकडे होती. जमीनदारी गेल्यावर पाण्याचे पट्टे त्यांच्या सहकारी संस्थांना मिळू लागले. पुढे निर्यातीमुळे कोळंबीचे भाव चढले आणि बाहेरचा पैसा आत आला. १९९१ मध्ये सरकारने पट्ट्यांचे दोन वर्ग केले: ‘पकड’, म्हणजे आपसूक असलेली मासळी धरणं, आणि ‘संवर्धन’, म्हणजे ती पाळून वाढवणं. पकडीचं पाणी पारंपरिक मच्छीमारांना, संवर्धनाचं इतरांनाही खुलं.

इथे मराठी वाचकाने जरा थांबावं. आपण ‘निसर्ग संवर्धन’ म्हणतो तोच शब्द ‘कोळंबी संवर्धन’ असाही वापरतो. चिलिकात मात्र दुसऱ्या संवर्धनाने पहिल्याच्या मुळावर घाव घातला. जाळ्यांच्या भिंतींमुळे प्रवाह अडतो, गाळ साचतो, समुद्रातून येणारी मासळीची पिल्लं वाटेतच अडकतात. पक्ष्यांची चरण्याची उथळ जागाही घेरली जाते. मच्छीमाराच्या होडीला तर आजोबांच्या काळापासूनची वाटच उरत नाही. त्यामुळे धोरणातला हा शब्द निव्वळ तांत्रिक होता, असं मला वाटत नाही. त्याच्या आडून पाण्याची मालकी बदलली.

एका बड्या उद्योगसमूहाचा कोळंबी प्रकल्प लोकांनी आंदोलन करून १९९२ मध्ये बंद पाडला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चिलिकाच्या १,००० मीटर परिघात कोळंबी शेतीला बंदी घातली. तरी घेरी उभ्याच राहिल्या. मच्छीमारांनी मे १९९९ मध्ये त्या स्वतः उखडायला घेतल्या. त्यानंतर सोराना गावात पोलिसांच्या गोळीबारात चार जण गेले. पर्यटनाच्या माहितीपत्रकात ही तारीख शोधून सापडत नाही.

गाजलं ते सरोवराचं समुद्राकडे उघडणारं नवं मुख. जुनं मुख गाळाने आक्रसत चाललं होतं, पाण्याचा खारेपणा उतरला होता, पाणवनस्पती माजल्या होत्या. १९८१ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असलेलं हे सरोवर १९९३ मध्ये धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेलं. २३ सप्टेंबर २००० रोजी वाळूचा बांध कापून समुद्राला नवी वाट दिली. खारं पाणी परतलं, मासळी कित्येक पटींनी वाढली आणि २००२ मध्ये चिलिका त्या यादीतून बाहेर पडलं. काम मोठंच होतं. पुढे २०१९ च्या फनी वादळाने आणखी मुखं उघडली.

नलबन हे १५.५ चौरस किलोमीटरचं बेट १९८७ पासून अभयारण्य आहे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं, हिवाळ्यात उघडं पडतं आणि पक्ष्यांनी भरून जातं. तिथे उतरता येत नाही, पक्षी बोटीतूनच पाहायचे. २०२० च्या जानेवारीतल्या गणनेत सरोवरभर ११ लाखांवर पक्षी मोजले गेले. नलबनच्या परिसरातल्या घेरी काढल्यामुळे पक्ष्यांना मोकळी जागा मिळाली, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं.

न्यायालयाच्या निकालानंतर घेरी कितीदा तरी हटवल्या गेल्या, तितक्याच वेळा पुन्हा रोवल्या गेल्या. पाणकावळा बसतो तो बांबू त्यातलाच.