हातपाय गळतात तेव्हा मेंदूत काय चाललेलं असतं?

वाईट बातमी कळली की फोन करणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "खंबीर राहा". मध्यंतरी माझाही एक वाईट काळ येऊन गेला, तपशील जाऊ देत, पण त्या दोन-तीन आठवड्यांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी राग यायला लागला, कारण खंबीर राहायचं म्हणजे नक्की करायचं काय हे कोणीच सांगत नव्हतं आणि मला तर सकाळी उठून दात घासायचे म्हटलं तरी अर्धा तास लागत होता. वाटायचं, बाकीच्यांना आतून कसलीतरी ताकद मिळालेली असते, आपल्या वाटणीची द्यायची राहून गेली. नंतर यावर वाचायला लागलो तेव्हा कळलं की हे हातपाय गाळून बसणं म्हणजे स्वभावातला दोष वगैरे काही नाही, ती मेंदूची फॅक्टरी सेटिंग आहे. आणि मजा म्हणजे हे ज्यांनी सांगितलं त्यांनीच जवळपास ५० वर्षं आधी बरोब्बर उलटं सांगून ठेवलं होतं!

१९६७ ची गोष्ट. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर तेव्हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होते. त्यांनी कुत्र्यांवर विजेच्या शॉकचे प्रयोग केले, आज वाचतानाही कसंतरी होतं. एका गटातल्या कुत्र्याने डोक्याने एक पट्टी दाबली की शॉक थांबायचा. दुसऱ्या गटातल्या कुत्र्याला साधारण तेवढेच, तेवढाच वेळ चालणारे शॉक, पण त्याने काहीही केलं तरी फरक पडायचा नाही. म्हणजे त्रास दोघांना सारखाच. मग नंतर त्यांना एका अशा पेटीत ठेवलं जिथे मधलं बुटकं कुंपण ओलांडलं की सुटका होती. पहिल्या गटातले पटापट उड्या मारून मोकळे झाले. दुसऱ्या गटातले बहुतेक थोडं इकडे तिकडे पळाले आणि मग कण्हत पडून राहिले, समोर वाट उघडी असून. याला नाव दिलं 'शिकलेली असहायता'. म्हणजे कुत्रा शिकला की आपण काही करून उपयोग नाही. हा सिद्धांत पुढे नैराश्यापासून शाळेतल्या नापास मुलांपर्यंत सगळीकडे लावला गेला.

मायर मात्र तिथे थांबले नाहीत, ते मेंदूच्या आत शिरले आणि पुढची कित्येक वर्षं उंदरांवर काम करत राहिले. २०१६ साली या दोघांनी मिळून लिहिलं की आमचं मूळ म्हणणं उलटं होतं. स्वतःच्याच प्रसिद्ध सिद्धांताबद्दल असं छापून सांगायला धमक लागते, नाहीतर आपल्याला साधा पत्ता चुकीचा सांगितला तरी कबूल करवत नाही.

त्यांना आढळलं ते असं. मेंदूच्या बुंध्याशी 'डॉर्सल राफे' नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्रास लांबला की तो जोरात काम करायला लागतो, सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतो, त्याने भीती वाढते आणि हालचाल मंदावते. हे शिकावं लागत नाही, आपोआप होतं. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट, की इथे माझ्या करण्याने काहीतरी बदलतंय. हे ओळखायचं काम कपाळामागच्या भागाचं, 'व्हेंट्रोमेडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स' असं लांबलचक नाव आहे त्याचं, आणि त्याला हे एकदा पटलं की तो खालच्या त्या पुंजक्याला ब्रेक लावतो. म्हणजे असहायता शिकली जात नाही, ती आधीपासून असतेच, शिकला जातो तो ताबा.

यातला २००५ चा एक प्रयोग मला सगळ्यात जास्त आवडतो. उंदरांसमोर एक छोटं चाक, ते फिरवलं की शॉक थांबतो. पण त्यांच्या मेंदूतला तो कपाळामागचा भाग औषधाने तात्पुरता बंद केला होता. उंदरांनी चाक व्यवस्थित फिरवलं, शॉक थांबवला, सगळं बरोबर केलं. तरीही पुढच्या चाचणीत ते अशा उंदरांसारखेच ढेपाळलेले निघाले ज्यांच्या हातात काहीच नव्हतं. ताबा होता, पण आत त्याची नोंदच झाली नाही! आता उंदरावरून थेट माणसावर उडी मारणं बरोबर नाही हे मान्य, पण मला हे वाचून स्वतःचे ते आठवडे आठवले, कारण मी कामं तर करत होतो, बिलं भरत होतो, डॉक्टरकडे चकरा मारत होतो, आणि रात्री पडल्यावर मात्र वाटायचं की आज दिवसभरात काहीच केलं नाही. तेव्हापासून मी कागदावर लिहायला लागलो, आज हे एक केलं आणि त्यामुळे हे झालं. बालिश वाटतं. पण माझा तरी फायदा झाला.

आणि ही नोंद टिकते. आधी ताबा अनुभवलेले प्राणी पुढे खरंच काहीच हातात नसलेल्या प्रसंगातून गेले तरी सहसा कोलमडले नाहीत, जणू लस टोचली होती. उतारवयातली माणसं संकटात शांत का दिसतात याचं थोडं उत्तर इथे असावं असं माझं आपलं मत.

पण एक खोच आहे जी 'पॉझिटिव्ह राहा'वाले सांगत नाहीत. उंदराचं चाक खरोखर चालत होतं. ज्याच्यासमोर चाकच नाही त्याला हिमतीचे डोस पाजणं म्हणजे शुद्ध निर्दयपणा, तिथे आधी चाक मिळवून द्यावं लागतं, मग ते पैसे असोत, रजा असो की औषध. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन-दोन आठवडे उडालं असेल तर तो डॉक्टरचा विषय आहे, मन घट्ट करण्याचा नाही.

आता ते पडून राहिलेले कुत्रे. त्यांना बोलावून पाहिलं, खाणं दाखवून पाहिलं, ढिम्म. शेवटी गळ्यात दोरी अडकवून अक्षरशः ओढत कुंपणापलीकडे नेलं, एकदा नाही, कित्येकदा. हळूहळू ओढायला जोर कमी लागायला लागला आणि मग ते स्वतःहून उडी मारायला लागले. थोडक्यात, त्यांची ताकद जागी झाली ती दुसऱ्याच्या हाताने.

मराठीत आपण धीर 'देतो', तो धीर कुठून तरी बाहेरूनच येतो. २००६ मध्ये जेम्स कोअन या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १६ विवाहित महिलांना एमआरआय मशीनमध्ये ठेवून पायाला शॉक बसण्याची धास्ती दाखवली. कधी एकटं, कधी अनोळखी माणसाचा हात हातात, कधी नवऱ्याचा. नवऱ्याचा हात धरला की मेंदूतल्या धोक्याशी संबंधित भागांची धावपळ कमी व्हायची, आणि संसार जितका चांगला तितकी ती काही भागांत अजून कमी. अनोळखी हातानेही थोडा फरक पडायचा, पण तेवढा नाही. तो हात काही बोलत नव्हता हे विशेष, "खंबीर राहा" तर नाहीच नाही.

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी दशकानुदशकं पाठपुरावा केला. त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, भांडणं, दारू, आजारपण अशा घरांत वाढत होती. या मुलांपैकीही एक तृतीयांश नीट वाढली, कोणाला आजी होती, कोणाला शिक्षक, निदान एक तरी माणूस धरून ठेवणारं होतं, आणि बऱ्याच जणांवर घरातली काही जबाबदारी होती, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासारखी, म्हणजे त्यांचं चाक चालत होतं. लोक अभ्यासातला एवढाच भाग सांगतात. पण उरलेले दोन तृतीयांश, जे अठराव्या वर्षापर्यंत पार घसरलेले होते, त्यांच्याकडे वर्नर पुन्हा पुन्हा जात राहिल्या आणि चाळिशीपर्यंत त्यातले बहुतेक सावरलेले सापडले. कोणी सैन्यात जाऊन, कोणी उशिरा कॉलेज करून, कोणी लग्नात भला जोडीदार मिळून, कोणी जीवघेण्या आजारातून उठून.