व्ह्वा व्हेर्त की व्हेलोरूत? ग्रॅव्हल सायकल घेऊन फ्रान्सच्या खेड्यांत जाण्याआधी

फ्रान्सच्या सायकल-नकाशांवर दोन शब्द कायम जोडीने भेटतात: व्ह्वा व्हेर्त आणि व्हेलोरूत. पहिल्याचा अर्थ हिरवी वाट, दुसऱ्याचा सायकलमार्ग. बाहेरून येणारे लोक दोन्हींचा अर्थ एकच धरतात आणि तिथेच फसगत होते. 'गाड्या नसलेला मार्ग' समजून आठवड्याचा बेत आखावा आणि तिसऱ्या दिवशी समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली यावी, असं सर्रास घडतं. मार्ग चुकलेला नसतो, शब्द चुकलेला असतो.

व्ह्वा व्हेर्त हा रस्त्याचा कायदेशीर दर्जा आहे: त्या तुकड्यावर कोण येऊ शकतं, हे तो ठरवतो. व्हेलोरूत हे एका लांब प्रवासाचं नाव आहे: कुठून कुठे जायचं, एवढंच ते सांगतं. एका व्हेलोरूतमध्ये व्ह्वा व्हेर्तचे दहा तुकडे असू शकतात, आणि त्यांना जोडणारे गावरस्ते, पूल, शहरातल्या सायकलपट्ट्याही असतात.

व्ह्वा व्हेर्तची व्याख्या फ्रान्सच्या वाहतूक नियमांत सप्टेंबर 2004 मध्ये आली. मोटार नसलेली वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखलेला रस्ता, असा तिचा गाभा. पेडल मारल्यावरच मदत करणारी आणि ताशी 25 किमीला मदत थांबवणारी विजेची सायकल इथे सायकलच मानली जाते. देखभालीची गाडी किंवा लगतच्या शेताचा ट्रॅक्टर मात्र परवानगीने येऊ शकतो, तेव्हा झाडीआडच्या वळणावर वेग कमी ठेवावा. सुरुवातीला पादचारी आणि सायकल यांची चित्रं असलेली निळी चौकोनी पाटी असते, क्रमांक सी115. संपते तिथे तीच पाटी लाल रेघेने खोडलेली, सी116. खोडलेली पाटी दिसली की त्यापुढे मोटारी येणार, हे पक्कं समजावं.

व्हेलोरूतची पाटी वेगळी: पांढरी, हिरव्या किनारीची, हिरव्या सायकलचं चित्र आणि मार्गाचा क्रमांक असलेली. युरोव्हेलो, म्हणजे युरोपभरच्या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गांच्या जाळ्यातला मार्ग असेल तर निळ्या चौकोनात पिवळ्या ताऱ्यांच्या कड्यामध्ये आकडा दिसतो. ही पाटी 'इकडून जा' एवढंच सांगते. गाड्यांना मनाई आहे असं ती कुठेच म्हणत नाही.

उदाहरण घ्या. 'ल्वार आ व्हेलो' हा ल्वार नदीकाठचा सुमारे 900 किमीचा मार्ग जगभर प्रसिद्ध आहे. पण त्याचा मोठा भाग नदीच्या बांधावरचे आणि द्राक्षमळ्यांतले लहान डांबरी रस्ते आहेत. वर्दळ कमी, तरी गाड्या असतात. रोस्कॉफ ते ऑन्दाय हा अटलांटिक किनाऱ्याचा 'व्हेलोदिसे' सुमारे 1,300 किमीचा. त्यातला सुमारे 70 टक्के भाग गाड्यांविना आहे. आकडा चांगला वाटतो, पण उरलेले 30 टक्के म्हणजे जवळजवळ 390 किमी, आणि ते कुठल्या टप्प्यात येतात त्यावर तुमचा दिवस अवलंबून असतो.

आता ग्रॅव्हलवाल्यांच्या, म्हणजे खडी-मातीच्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल चालवणाऱ्यांच्या, दृष्टीने खरी मेख. व्ह्वा व्हेर्त म्हटलं की मातीची वाट, हा समजही चुकीचा आहे. दर्जा आणि पृष्ठभाग या दोन वेगळ्या गोष्टी. बर्गंडीतली जिव्री ते क्लुनी ही व्ह्वा व्हेर्त 1997 मध्ये जुन्या रेल्वेमार्गावर झाली, फ्रान्समधल्या अगदी पहिल्यांपैकी एक. 44 किमी, गाडी एकही नाही, वाट सुंदर, आणि सगळी डांबरी. तिथे 45 मिमीचे खाचेदार टायर नेले तर दिवसभर नुसता आवाज ऐकायचा.

ग्रॅव्हलसाठी शोधायचा शब्द 'स्ताबिलिझे'. बारीक खडी आणि दगडाची कच पसरून, पाणी मारून, रोलरने दाबलेला थर. आपल्याकडच्या चांगल्या दाबलेल्या मुरमाच्या रस्त्याची आठवण येते, फक्त रंग बहुधा पांढुरका किंवा पिवळसर. याच्या उलट 'आंरोबे' म्हणजे डांबर. कुठल्याही टप्प्याच्या वर्णनात हे दोन शब्द आधी पाहावेत.

स्ताबिलिझेसाठी स्वच्छ, भरीव उदाहरण म्हणजे दक्षिणेतली 'पासापाईस': माझामे ते बेदारिय, ओ-लांगदोक डोंगररांगेच्या पायथ्याशी, सुमारे 80 किमी. जुनी रेल्वेलाइन असल्याने चढ सौम्य आहे. वाफेच्या इंजिनाला जमेल असाच तो ठेवावा लागे. मधल्या बोगद्याजवळ अटलांटिक आणि भूमध्य समुद्राकडे वाहणाऱ्या पाण्याचा दुभाजक ओलांडला जातो, म्हणजे कुठूनही निघालात तरी आधी लांब, संथ चढ आणि मग तसाच उतार. दोन्ही टोकांना रेल्वे स्थानक आहे, हा मोठा फायदा.

तिसरा शब्दही गोंधळ वाढवतो: 'शमँ द आलाज', म्हणजे कालव्याकाठची वाट, जिच्यावरून पूर्वी घोडे होड्या ओढत. काही ठिकाणी तिला व्ह्वा व्हेर्तचा दर्जा आहे, काही ठिकाणी नाही. कॅनाल द्यू मिदी याचं ठळक उदाहरण. तुलूझपासून सुमारे 50 किमी गुळगुळीत डांबर, आणि ओद जिल्ह्यात शिरल्यावर माती, खडे आणि प्लेन झाडांची मुळं. नाव तेच, कालवा तोच, पण वाट पार वेगळी. या झाडांना लागलेल्या बुरशीजन्य रोगाची लागण 2006 मध्ये आढळली आणि त्यानंतर हजारो झाडं तोडावी लागली, त्यामुळे काही पट्ट्यांत उन्हाळ्यात सावली नाही. पाणी जास्त घ्या.

ब्रिटनीतला नांत-ब्रेस्त कालवा मात्र ग्रॅव्हलसाठी आदर्श म्हणावा असा: सुमारे 360 किमी, बराचसा दाबलेल्या खडीचा काठ, 200 हून अधिक जलद्वारं (होड्यांना वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजे). चढ फक्त जलद्वारांपाशी, तोही छोटा. गेर्लेदाँ धरणाने 1930 च्या सुमारास कालव्याचा एक तुकडा पाण्याखाली घालवला, म्हणून तिथे सायकलमार्ग जुन्या रेल्वेच्या वाटेवरून वळसा घेतो. जीपीएसवर नुसती 'कालव्याकाठून' अशी रेघ ओढली असेल तर ती इथे तलावात जाते.

टायर किती? कोरड्या स्ताबिलिझेवर 35 मिमी पुरतात, 40 मिमी सर्वांत सुखाचे. साधारण 75 किलोच्या माणसाने 40 मिमी ट्यूबलेसमध्ये (आत ट्यूब नसलेल्या टायरमध्ये) हवेचा दाब 32 ते 36 पीएसआय ठेवावा, मागे सामान असेल तर मागच्या चाकात 3-4 वाढवावा. ट्यूब असेल तर आणखी 4-5, नाहीतर मुळांवर आपटून ट्यूब चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. मिदीसारख्या मुळांच्या वाटेवर 42-45 मिमी घ्यावेत.

पावसानंतर स्ताबिलिझेचा वरचा थर पातळ लापशीसारखा होतो. ती दगडाची बारीक पूड चेनमध्ये शिरून कानशीसारखी घासते, आणि डिस्क ब्रेकचे पॅड पाहता पाहता झिजतात. संध्याकाळी साध्या पाण्याने धुवावं, जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नये, चेन फडक्याने कोरडी करून मगच तेल घालावं. वंगणावर धूळ बसली की नवं तेल घालून काही उपयोग नाही. आठवडाभराचा प्रवास असेल तर पॅडची एक जोडी सोबत असावी.

रस्ता ओलांडायच्या जागी मोटारी रोखायला आडवे-तिडवे अडथळे बसवलेले असतात. रुंद हँडलबार, बाजूच्या बॅगा किंवा मुलांचा ट्रेलर त्यांत अडकतो. रुंद सामान असेल तर उतरून ढकलण्याची तयारी ठेवा. अशा क्रॉसिंगवर सहसा थांबायचं सायकलवाल्यानेच असतं, हेही विसरू नये.

घरून निघण्याआधी तपासणी दोन टप्प्यांत करावी. आधी व्हेलोरूतचा पूर्ण मार्ग घेऊन गाड्यांविना भाग आणि रस्त्यावरचा भाग वेगळा काढावा. फ्रान्स व्हेलो तुरिस्म या सायकल-पर्यटनाच्या संकेतस्थळावरच्या टप्प्यांच्या पानांवर ही माहिती मिळते. मग ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावर त्याच तुकड्याचा पृष्ठभाग पाहावा: 'कॉम्पॅक्टेड' किंवा 'फाइन ग्रॅव्हल' लिहिलं असेल तर आपलं काम झालं, 'अस्फाल्ट' असेल तर डांबर. काहीच लिहिलेलं नसेल तर हवाई चित्र पाहून पांढरी रेघ की करडी, हे ठरवावं.

जुन्या रेल्वेवाटांवर गावं बरेचदा वाटेपासून दूर असतात, कारण स्थानकं गावाबाहेर बांधलेली होती. पाव-पाणी हवं तर वळण घ्यावं लागतं. लहान गावांतली बेकरी सोमवारी पुष्कळदा बंद असते, म्हणून रविवारीच दोन वेळचं घेऊन ठेवावं. बाटली भरायला गावची दफनभूमी पाहावी, तिथे नळ असतोच. मात्र 'ओ नों पोताब्ल' लिहिलेलं असेल तर ते पिण्याचं पाणी नाही.

बोगद्यांसाठी पुढचा-मागचा दिवा हवाच. क्लुनीजवळचा ब्वा क्लेर बोगदा सुमारे 1.6 किमीचा आहे. वटवाघळांच्या शीतनिद्रेसाठी तो हिवाळ्यात बंद ठेवतात, आणि त्या महिन्यांत खिंडीवरून चढून जावं लागतं. उन्हाळ्यातही आत चांगलाच गारवा असतो. घामेजलेल्या अंगाने शिरण्याआधी जॅकेट चढवावं, ते बॅगेच्या तळाशी ठेवू नये.