२.१३ डॉलर कुठून आले? अमेरिकेतल्या टिपेवरच्या कामगारांच्या किमान वेतनाची पार्श्वभूमी

अमेरिकेत केंद्रीय कायद्याने ठरलेले किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. तरीही टेक्सास किंवा जॉर्जियातल्या वेटरच्या पगारचिठ्ठीवर ताशी २.१३ डॉलर छापलेले असू शकतात, आणि ते कायद्याला धरून असते. मधले ५.१२ डॉलर गिऱ्हाइकाच्या टिपेतून भरून निघाले असे मालकाला धरता येते. या वजावटीला तिथे 'टिप क्रेडिट' म्हणतात. २.१३ हा आकडा घरभाडे, किराणा असा कुठलाही खर्च मोजून ठरलेला नाही. एकामागून एक झालेल्या राजकीय तडजोडींचा तो उरलेला गाळ आहे.

टिप देण्याची रीत अमेरिकेत युरोपातून आली, पण टिप हाच पगार मानण्याची सवय यादवी युद्धानंतरची. पुलमन कंपनीने झोपण्याच्या रेल्वेडब्यांमध्ये पोर्टर म्हणून मुख्यतः गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष नेमले. पगार तुटपुंजा ठेवला आणि उरलेले प्रवाशांच्या मर्जीवर सोडले. महिन्याला सुमारे ४०० तास किंवा ११,००० मैल भरावे लागत, आणि प्रवाशांच्या बुटांचे पॉलिशही पोर्टरने स्वतःच्या पैशातून आणायचे. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये पोर्टरांची संघटना उभी राहिली आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ मध्ये कंपनीने तिच्याशी करार केला. दरम्यान टिप ही लोकशाहीला न शोभणारी लाचारी आहे, असे म्हणून काही राज्यांनी तिच्यावर बंदीही घालून पाहिली. पहिला कायदा १९०९ चा, वॉशिंग्टन राज्याचा. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले होते. बंदी घालताना पगार वाढवण्याची सक्ती कुणी केली नव्हती, त्यामुळे त्या कायद्यांत कामगारांच्या हाती काहीच पडले नाही.

१९३८ च्या कामगार मानक कायद्याने ताशी २५ सेंट किमान वेतन आणले. हॉटेले आणि रेस्टॉरंटे मात्र स्थानिक सेवा-व्यवसाय म्हणून त्यातून वगळली गेली. घरकामगार आणि शेतमजूरही बाहेर राहिले. रेल्वे स्थानकांवरचे हमाल, म्हणजे लाल टोपीवाले, कायद्यात बसत होते. २४ ऑक्टोबर १९३८ ला कायदा लागू झाला, तेव्हा स्थानक कंपन्यांनी त्यांना कळवले : रोजच्या टिपेचा हिशेब द्या, २५ सेंटांना जेवढे कमी पडेल तेवढेच आम्ही भरू. जॅक्सनव्हिल आणि डॅलसची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९४२ मध्ये न्यायालयाने कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. प्रवाशाने हमालाच्या हातावर ठेवलेले नाणे मालकाने दिलेले वेतन म्हणून मोजले जाऊ लागले. पुढच्या सगळ्या घडामोडींचे बीज या निकालात आहे.

याच्या जवळचाच प्रश्न भारतात आला तेव्हा उत्तर उलटे मिळाले. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात १९७६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की गिऱ्हाइकांकडून जमलेले पैसे कामगारांना वाटणे म्हणजे व्यवस्थापनाने स्वतःच्या खिशातून देणे नव्हे. कायद्याने देय असलेल्या रकमेची जागा ते घेऊ शकत नाहीत. म्हणून महाराष्ट्रातल्या हॉटेलमालकाला मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून होणारे किमान वेतन पूर्ण द्यावे लागते. वेटरला टिप किती मिळाली, हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही. आपल्याकडे अंमलबजावणीची रड आहे, पण निदान तत्त्व सरळ आहे.

अमेरिकेत हॉटेल-रेस्टॉरंट कामगार कायद्याखाली आले ते १९६६ च्या दुरुस्तीने, आणि त्याची किंमत म्हणून मालकांना टिप क्रेडिट मिळाले. किमान वेतनाच्या ५० टक्क्यांपर्यंतची रक्कम टिपेतून भरलेली धरायची. फेब्रुवारी १९६७ मध्ये नव्याने समाविष्ट झालेल्यांचा दर १ डॉलर होता, म्हणजे मालकाने निम्मा, ५० सेंट, दिला तरी चालत होते. १९७४ च्या दुरुस्तीने दोन अटी घातल्या : कामगाराला हे आधी सांगायचे, आणि टिप त्याच्याकडेच राहू द्यायची. १९७७ च्या दुरुस्तीने क्रेडिट घटवत १९८० पर्यंत ४० टक्क्यांवर आणले. १९८१ मध्ये किमान वेतन ३.३५ डॉलर झाले, तेव्हा मालकाचा वाटा त्याच्या ६० टक्के, २.०१ डॉलर होता.

पुढचे गणित नीट पाहण्यासारखे आहे. १९९० आणि १९९१ मध्ये किमान वेतन दोन टप्प्यांत ४.२५ झाले, म्हणजे ९० सेंटांनी वाढले. त्याच वेळी क्रेडिट पुन्हा ५० टक्क्यांवर नेले गेले. ४.२५ चे निम्मे २.१३. वेटरच्या रोख वेतनात वाढ झाली फक्त १२ सेंटांची. १९९६ मध्ये किमान वेतन वाढवताना टक्केवारीच काढून टाकली आणि २.१३ हा आकडा कायद्यात तसाच गोठवला. तेव्हापासून किमान वेतन ७.२५ पर्यंत चढले, २.१३ एप्रिल १९९१ पासून एका सेंटानेही हललेले नाही.

कागदावर कामगाराला संरक्षण आहे. समजा ४० तासांचा आठवडा. रोख वेतन ८५.२० डॉलर, किमान वेतनाने व्हायला हवेत २९० डॉलर. टिप १५० च मिळाली तर बेरीज २३५.२० होते आणि उरलेले ५४.८० मालकाने भरायचे असतात. पण हिशेब आठवड्याचा असतो, पाळीचा नाही. मंगळवारची रिकामी दुपार शनिवारच्या गर्दीत बुडून जाते. शिवाय तूट दाखवायची तर टिपेची नोंद कामगाराने स्वतः ठेवलेली बरी; नोंद नसली की भांडण पुराव्याशिवाय लढावे लागते.

जादा कामाच्या पैशांत वारंवार चूक होते. ४० तासांनंतरची दीडपट ७.२५ वर काढायची : १०.८८, त्यातून ५.१२ वजा, म्हणजे ताशी ५.७६ रोख. बरेच मालक २.१३ ची दीडपट करून ३.२० देतात. दर जादा तासाला २.५६ डॉलर बुडाले. फुटलेल्या बश्या, गल्ल्यातली तूट, गणवेश यांची कपात पूर्ण क्रेडिट घेणाऱ्या मालकाला करता येत नाही, कारण कामगार आधीच किमान वेतनाच्या काठावर असतो. क्रेडिटची पूर्वसूचना दिली नसेल तर क्रेडिटच मिळत नाही, पूर्ण ७.२५ द्यावे लागतात. बिलात सक्तीने लावलेले सेवाशुल्क मात्र केंद्रीय कायद्यात टिप नाही, ते मालकाचे उत्पन्न. २०१८ च्या दुरुस्तीने मालक, व्यवस्थापक आणि पर्यवेक्षक यांना कामगारांच्या टिपेत वाटा घेण्यास मनाई केली. मालक क्रेडिट न घेता पूर्ण किमान वेतन देत असेल, तर स्वयंपाकी आणि भांडी घासणारे यांनाही टिपेच्या वाटणीत घेता येते.

काटे-चमचे गुंडाळणे, मिठाच्या बाटल्या भरणे अशी टिप न मिळवून देणारी कामे २.१३ वर किती करून घ्यायची, यावर १९८८ पासून मजूर खात्याची कामाच्या वेळेच्या २० टक्क्यांची मर्यादा होती. २०२१ मध्ये त्यात सलग ३० मिनिटांची अट जोडली. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अपील न्यायालयाने तो नियमच रद्द केला. कामगारांचे हे नुकसान फारसे कुणाच्या लक्षात आलेले नाही.

कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन, नेवाडा, मॉन्टाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत टिप क्रेडिट नाही. कॅलिफोर्नियातल्या बे एरियातला मराठी माणूस आणि टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा मराठी माणूस सारखीच टिप देतात. पहिल्याची पूर्ण वेतनावर पडते, दुसऱ्याची वेतनातला खड्डा भरते. २०२५ च्या कायद्याने २०२८ पर्यंत वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतच्या टिपेवर प्राप्तिकरात वजावट दिली आहे. पण ज्याची कमाई इतकी कमी की प्राप्तिकर लागतच नाही, त्याला तिचा उपयोग नाही, आणि २.१३ ला तिने हात लावलेला नाही.

बुडालेले पैसे मजूर खात्याच्या वेतन व कामाचे तास विभागाकडे मागता येतात, व्हिसा किंवा कागदपत्रे कशीही असोत. मुदत दोन वर्षांची; मालकाने जाणूनबुजून बुडवले असतील तर तीन वर्षांची. थकबाकीइतकीच आणखी रक्कम नुकसानभरपाई म्हणून मिळू शकते.