साठ, बासष्ट की पासष्ट? प्राध्यापकांच्या निवृत्तिवयाच्या खटल्यांची पार्श्वभूमी

वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात शिकवणारा प्राध्यापक ६५ व्या वर्षी निवृत्त होतो. त्याच गावातल्या अनुदानित महाविद्यालयात शिकवणारा ६० व्या वर्षी. दोघांची नेट परीक्षा एकच, दोघांना लागू असलेली किमान पात्रता एकच, वेतनश्रेणीही विद्यापीठ अनुदान आयोगाच्याच धर्तीची. तरीही एकाला पाच वर्षे जास्त आणि दुसऱ्याला नाहीत. देशभरातल्या उच्च न्यायालयांत गेली पस्तीस-चाळीस वर्षे येत राहिलेल्या याचिकांचे मूळ या तफावतीत आहे.

सुरुवातीलाच तीन शब्द वेगळे करून घ्यायला हवेत, कारण निम्मे दावे याच घोळात अडकतात. वयवाढ म्हणजे नियत वयोमानच बदलणे. ती परिनियमाने (विद्यापीठाच्या कायदेशीर नियमाने), कायद्याने किंवा शासन निर्णयाने होते आणि त्या संवर्गातल्या सगळ्यांना मिळते. मुदतवाढ म्हणजे नियत वय तेच ठेवून एखाद्याची सेवा न तोडता पुढे चालू ठेवणे. ती बहुधा कामगिरीचा आढावा घेऊन दिली जाते. पुनर्नियुक्तीत माणूस आधी रीतसर निवृत्त होतो, त्याचे निवृत्तिवेतन सुरू होते आणि मग तो करारावर परत येतो. अशा वेळी पगार साधारणपणे शेवटच्या वेतनातून निवृत्तिवेतन वजा करून ठरतो. वयवाढ झाली असेल तर ती हक्क म्हणून मागता येते. मुदतवाढ आणि पुनर्नियुक्ती मागताना फक्त एवढेच म्हणता येते की माझ्या अर्जाचा नियमाप्रमाणे विचार करा. ‘नियमात ६५ पर्यंत लिहिले आहे, म्हणून मला ६५ पर्यंत ठेवा’ अशी याचिका लिहिली जाते, आणि मूळ नियमातले ‘रिक्त पद आणि शारीरिक क्षमता यांच्या अधीन राहून’ हे शब्द समोरचा वकील पहिल्याच सुनावणीत वाचून दाखवतो.

वयाची चर्चा जुनी आहे. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने प्राध्यापकांसाठी साठीची निवृत्ती आणि गरजेनुसार ६५ पर्यंत वाढ सुचवली होती. १९८७ मध्ये केंद्राने नव्या वेतनश्रेणींची योजना आणली, तिच्यात निवृत्तीचे वय ६० होते. केरळने वेतनश्रेणी घेतल्या, वय मात्र ५५ च ठेवले. तिथले अध्यापक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. टी. पी. जॉर्ज विरुद्ध केरळ राज्य या १९९२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की योजना स्वीकारणे राज्यांवर बंधनकारक नाही, आणि स्वीकारली तरी वयाचा भाग सोडून देता येतो. पुढची सगळी प्रकरणे या निकालावर उभी आहेत. १९९८ च्या योजनेत वय ६२ झाले. त्यावर उस्मानिया विद्यापीठाच्या अध्यापकांनी आंध्र प्रदेशाविरुद्ध तोच मुद्दा पुन्हा नेला आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला.

घटनेतली मांडणी पाहिली तर हा वाद का मिटत नाही ते कळते. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे आणि त्यात समन्वय राखणे हा विषय केंद्र सूचीच्या ६६ व्या नोंदीत आहे. शिक्षण हा विषय ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीच्या २५ व्या नोंदीत आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातले कलम २६ आयोगाला शिक्षकांची पात्रता ठरवण्याचा अधिकार देते. पात्रता हा दर्जाचा भाग आहे, हे कुणीही मान्य करील. पण माणूस कोणत्या वर्षी घरी जातो, हा दर्जाचा प्रश्न की सेवाशर्तींचा? अध्यापक संघटना म्हणतात, अनुभवी माणूस साठीला बाहेर काढला तर दर्जा घसरतो. राज्ये म्हणतात, पगार आम्ही देतो, तेव्हा सेवाशर्ती आमच्या. न्यायालयांनी बहुतेक वेळा राज्यांचे ऐकले.

मोठी उलथापालथ २००७ मध्ये झाली. २३ मार्च २००७ च्या आदेशाने केंद्राने आपल्या निधीवर चालणाऱ्या उच्च आणि तंत्रशिक्षण संस्थांतल्या अध्यापकांचे वय ६२ वरून ६५ केले. अट अशी की १५ मार्च २००७ रोजी तो मंजूर पदावर नियमित सेवेत असला पाहिजे. ही तारीख जवळून पाहण्यासारखी आहे. ज्याला १० मार्चला ६२ पूर्ण झाली, तो महिनाअखेर निवृत्त होणार होता, म्हणजे १५ तारखेला सेवेतच होता. त्याला ६५ मिळाली. ज्याला २० फेब्रुवारीला ६२ पूर्ण झाली, तो २८ फेब्रुवारीला गेला. त्याच्यासाठी रिक्त पद असल्यास पुनर्नियुक्ती एवढीच वाट राहिली. वयाने अठरा दिवसांचा फरक, सेवेत तीन वर्षांचा. असा धागा कुठेतरी तोडावाच लागतो आणि जो पलीकडे राहतो त्याला तो अन्याय वाटतो. न्यायालये सहसा अशा तारखेत हात घालत नाहीत. केरळच्या होमिओपॅथी महाविद्यालयांतल्या निवृत्त अध्यापकांनी वयवाढ मागच्या तारखेपासून मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितले की तारीख ठरवणे हा सरकारच्या धोरणाचा भाग आहे.

मग ३१ डिसेंबर २००८ चे पत्र आले, सहाव्या वेतन आयोगाची योजना घेऊन. त्यात केंद्राने राज्यांपुढे हिशेब मांडला. १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१० या काळात वाढलेल्या खर्चाचा ८० टक्के वाटा केंद्र देईल, २० टक्के राज्याने द्यावा. १ एप्रिल २०१० नंतर सगळा भार राज्याचा. आणि ही योजना अखंड आहे, म्हणजे ८० टक्के हवे असतील तर ६५ चे वयही घ्यावे लागेल. थकबाकी हवी, वय नको, असे चालणार नव्हते. राज्यांना ते पेलवेना. प्रत्येक ज्येष्ठ प्राध्यापक पाच वर्षे जास्त राहिला तर वेतनश्रेणीच्या वरच्या टोकाचा पगार तेवढी वर्षे द्यायचा, आणि खाली नव्या भरतीची जागा मोकळी होत नाही. शेवटी १४ ऑगस्ट २०१२ रोजी केंद्राने वयाची अट अनुदानापासून तोडली.

पण तोवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे ३० जून २०१० चे विनियम, म्हणजे आयोगाने कायद्याखाली केलेले नियम, अस्तित्वात आले होते. ही योजना आता विनियमांचा भाग झाली, विनियम बंधनकारक असतात, म्हणून ६५ आपोआप लागू, असा युक्तिवाद घेऊन अनेक राज्यांतले अध्यापक न्यायालयात गेले. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतून आलेली अपिले एकत्र करून सर्वोच्च न्यायालयाने जगदीश प्रसाद शर्मा विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात १७ जुलै २०१३ रोजी निकाल दिला. सरन्यायाधीश अल्तमस कबीर यांच्या पीठाने ठरवले की केंद्रीय विद्यापीठे आणि केंद्राच्या निधीवरच्या संस्थांना ६५ लागू. राज्य विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना मात्र राज्याने जाणीवपूर्वक निर्णय घेतल्याशिवाय नाही, कारण आर्थिक बोजा राज्यावर पडतो. नंतर कुलगुरूंच्या नेमणुकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गुजरातच्या प्रकरणात आयोगाचे विनियम राज्याच्या कायद्यापेक्षा वरचढ ठरवले. त्यावरून निवृत्तिवयाचा मुद्दाही पुन्हा उघडेल, अशी आशा अनेकांनी धरली. पण नेमणुकीची पात्रता आणि सेवेचा शेवट या दोन गोष्टी कायद्यात एका मापाने मोजल्या जात नाहीत. २०१३ चा निकाल थेट वयावरचा आहे, आणि याचिका लिहिणाऱ्याने त्याला वळसा घालता येईल असे समजू नये.

राज्यांनी आपापले मार्ग काढले. पश्चिम बंगालने २०१९ मध्ये ६५ केले. महाराष्ट्रात सहाव्या आयोगाच्या वेतनश्रेणी १२ ऑगस्ट २००९ च्या शासन निर्णयाने आल्या, सातव्याच्या ८ मार्च २०१९ च्या. महाविद्यालयीन अध्यापकांसाठी साठी राहिली. प्राचार्यांचे वय ६२ आणि कामगिरीचा आढावा घेऊन पुढे मुदतवाढ, अशी सोय झाली. या फरकामुळे इथली बरीच प्रकरणे प्राचार्यांची असतात. प्राचार्यपदाचा कालावधी पाच वर्षांचा आणि निवृत्तीचे वय वेगळे. साठीनंतर मुदत संपली तर माणूस मूळ अध्यापकपदावर परतू शकत नाही, कारण त्या पदाचे वय आधीच उलटलेले असते. आढावा समितीची बैठक वेळेत न झाल्याने वयाची ६२ वर्षे उलटून गेलेले प्राचार्य उच्च न्यायालयात येतात. संस्थेने ठराव केला, विद्यापीठाने मान्यता दिली, पण राज्याच्या उच्च शिक्षण सहसंचालकांची मान्यता निवृत्तीनंतर आली, तर मधल्या महिन्यांचा पगार अडकतो.

हल्लीच्या खटल्यांत प्रश्न वयाचा कमी आणि ‘शिक्षक कोण’ याचा जास्त आहे. ३१ डिसेंबर २००८ च्या पत्रात ६५ चा लाभ वर्गात शिकवणाऱ्यांनाच होता; ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक ६२ वरच राहिले, कारण त्यांचा तुटवडा नाही, असे पत्रात स्पष्ट म्हटले आहे. पण राज्याच्या कायद्यात ‘शिक्षक’ या शब्दाची व्याख्या व्यापक असेल तर चित्र बदलते. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातल्या क्रीडा अधिकाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शिक्षक मानले, कारण तो प्रत्यक्षात विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षण देत होता आणि विद्यापीठाच्या व्याख्येत तो बसत होता. मध्य प्रदेशातल्याच अनुदानित खासगी महाविद्यालयांच्या अध्यापकांना सरकारी महाविद्यालयांइतके वय नाकारले होते. २०१९ मध्ये आर. एस. सोहाने यांच्या प्रकरणात ते त्यांना मिळाले. बर्दवान विद्यापीठातल्या एका प्रकरणात राज्याचा नियम असा होता की वाढीव वयासाठी दहा वर्षांचा अध्यापनाचा अनुभव पश्चिम बंगालमधल्याच संस्थेतला हवा. अर्जदाराचा अनुभव आसामातला होता. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद घटनेच्या समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवला. या यशस्वी प्रकरणांतला समान धागा लक्षात ठेवण्यासारखा आहे. यातल्या कुणीही केंद्राचे ६५ मागितले नाही. राज्याने स्वतः दिलेले वय एकाला दिले आणि त्याच प्रकारच्या दुसऱ्याला नाकारले, एवढेच त्यांनी दाखवले.

प्रत्यक्ष याचिकेची वेळ आली की पहिली अडचण तारखांची असते. निवृत्ती ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी असते. मात्र जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. १ जुलैला जन्मलेला प्राध्यापक ३० जूनला निवृत्त होतो. हे लक्षात न घेतल्याने याचिका एक महिना उशिरा दाखल झालेली असते, आणि पद सोडल्यावर स्थगिती मिळवणे फार अवघड जाते. म्हणून निवृत्तीची पूर्वसूचना हातात आली की लगेच संस्थेकडे आणि विद्यापीठाकडे लेखी मागणी करावी, नकाराची लेखी प्रत घ्यावी. निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव, सेवापुस्तकाची पडताळणी, ना-देय प्रमाणपत्र ही कामे याचिकेपायी थांबवू नयेत. हक्क राखून सही केली असे पत्र सोबत जोडले की पुरते. याचिकेत आपल्या विद्यापीठाचा परिनियम, राज्याचा शासन निर्णय आणि तुलनेचा संवर्ग (ज्याच्याशी बरोबरी मागायची तो) हे तिन्ही जोडलेले हवेत. केवळ आयोगाचे विनियम जोडून काम भागत नाही.

अंतरिम स्थगिती मिळाली तर माणूस कामावर राहतो, पण ‘अंतिम निकालाच्या अधीन’ हे शब्द फार महागात पडू शकतात. याचिका फेटाळली गेली की तो काळ निवृत्तिवेतनासाठी धरला जात नाही. केलेल्या कामाचा पगार मात्र सहसा परत घेता येत नाही. २०२१ मध्ये दिल्लीतल्या आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी यांसारख्या पद्धतींच्या) डॉक्टरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६५ चे वय अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांप्रमाणेच मान्य केले आणि न्यायालयाच्या आदेशावर काम केलेल्यांचा थकलेला पगार द्यायला लावला. काम न करता जिंकणाऱ्याला मात्र ‘काम नाही, वेतन नाही’ हे तत्त्व आडवे येते.

दुसरी बाजूही खरी आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिक ठरेल. नेट, सेट, पीएच.डी. करून वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर (तासांप्रमाणे मानधन घेऊन) शिकवणारी मुले-मुली प्रत्येक वयवाढीत आपली जागा आणखी पाच वर्षे लांबलेली पाहतात. तरीही अनेक ठिकाणी ज्येष्ठ माणूस साठीला जातो, त्याची जागा बिंदुनामावलीत (आरक्षणाच्या क्रमाच्या यादीत) आणि भरतीबंदीत वर्षांनुवर्षे रिकामी राहते, आणि तोच विषय तासिकेवर शिकवला जातो. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांना जुने निवृत्तिवेतन लागू नाही. त्यांची पहिली तुकडी आता साठीकडे सरकते आहे, आणि त्यांच्यासाठी ६० आणि ६५ मधला फरक हा पगाराच्या पाच वर्षांएवढाच नसून हातात येणाऱ्या एकूण रकमेचा आहे.