उंदराची शिंक आणि बाईचा खोकला

केज तालुक्यातल्या माझ्या मावशीने बारा-तेरा हंगाम ऊस तोडला. गाडी भरताना डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं, आणि त्या चढणीवर तिला लघवीचे थेंब गळायचे. लुगड्याच्या आत ती जुन्या धोतराची घडी ठेवायची. चौथ्या बाळंतपणानंतर सुरू झालेला हा त्रास सुनेला कळला तो वीस वर्षांनी, दोरीवर वाळत पडलेल्या त्या घड्यांवरून. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. मी तेव्हा जे वाचलं, त्यात गळणाऱ्या लघवीबद्दल मला एक ओळ सापडली नाही.

खोकला, शिंक, हसू किंवा ओझं यांनी पोटातला दाब अचानक वाढतो. मूत्रमार्गाभोवतीचा आवळणारा स्नायू आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तेवढा दाब पेलू शकले नाहीत, की लघवी निसटते. बाळंतपणात हे स्नायू ताणले जातात, त्यांना चालवणाऱ्या नसा चेपल्या जातात. दोष आहे तो या स्नायूंच्या दाराचा, लघवीच्या पिशवीचा असेलच असं नाही. पण गळणारी लघवी दोन्हीकडून सारखीच दिसते. पिशवी आपणहून आकसून लघवी बाहेर ढकलते आहे, की दार सैल आहे म्हणून ती सांडते आहे, हे ठरवण्यासाठी मूत्राशयाच्या आतला दाब मोजावा लागतो. या मोजमापाची गोष्ट जवळपास दीडशे वर्षांची आहे.

इटलीत आंजेलो मोस्सो आणि पेल्लाकानी यांनी कुत्र्यांच्या आणि बायकांच्या मूत्राशयाला नळी जोडून त्याचं आकुंचन कागदावर उतरवलं. 1882 मध्ये ते छापून आलं. कुणी हाक मारली, हलकासा स्पर्श केला, तरी मूत्राशय आकसत होतं. मला ही नोंद फार मोलाची वाटते. ज्या अवयवाबद्दल बोलायची आपल्याकडे लाज, तो इतका हळवा आहे. पुढे 1925 मध्ये बॅरिंग्टन यांनी मांजरांवर काम करून लघवीचा हुकूम मेंदूच्या देठातल्या कुठल्या भागातून सुटतो ते दाखवलं. 1927 मध्ये अमेरिकेत रोझ यांनी दाब मोजायचं यंत्र रुग्णांसाठी तयार केलं. 1948 मध्ये आर्नोल्ड केगेल यांनी बाळंतपणानंतरच्या सैल स्नायूंसाठी व्यायाम सांगितला, आणि आवळण्याची ताकद मोजायचं साधनही दिलं. 1993 च्या सुमारास एडवर्ड मॅग्वायर यांनी प्रश्नच सोपा केला: पोटात किती दाब झाला की थेंब बाहेर येतो? आकडा 60 सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबापेक्षा कमी असेल, तर दार फारच कमजोर आहे असं धरलं जाऊ लागलं.

हाच प्रश्न मग उंदरांकडे नेला गेला. 1998 मध्ये लिन, ल्यू आणि सहकाऱ्यांनी मादी उंदराच्या योनीत छोटा फुगा फुगवून बाळंतपणाची इजा घडवली. तिची लघवी गळते का, हे तपासायला तिला शिंक आणायची. त्यासाठी तिच्याच मिशीचा एक केस कापून नाकपुडीत घालतात. प्राणी भूल दिलेला, पण शिंकेची प्रतिक्रिया शिल्लक. केस आत जातो, अंग झटक्याने आकसतं, आणि बघणाऱ्याची नजर मूत्रमार्गाच्या तोंडाशी: थेंब आला की नाही? 2003 मध्ये कामो आणि सहकाऱ्यांनी याच शिंकेच्या वेळी मूत्रमार्गातला दाब मोजला. मूत्रमार्गाच्या मधल्या भागात दाब मूत्राशयातल्यापेक्षाही जास्त वाढत होता. पोटातला दाब नुसता तिथवर पोचतो एवढंच घडत नव्हतं, शरीर शिंकेच्या क्षणी दार स्वतः आवळत होतं. आणि त्या स्नायूंच्या नसा कापल्या, की हे आवळणं ढासळत होतं.

दुसरी रीत बोटाची. मूत्राशयात नळीतून पाणी भरायचं, साधारण निम्मं. उंदराचं मूत्राशय एक मिलिलिटरच्या आसपास, त्यामुळे पंप अगदी सावकाश चालवावा लागतो. मग पोटावर बोटाने हळूहळू दाब द्यायचा. पहिला थेंब दिसला रे दिसला, की बोट उचलायचं. त्या क्षणाचा दाब वजा आधीचा शांत दाब, हा झाला गळतीचा आकडा. अनेकदा करून सरासरी काढतात. मध्येच मूत्राशयाने स्वतः आकसून लघवी केली, तर तो आकडा टाकून द्यावा लागतो, कारण ती गळती पोटावरच्या ताणाची नव्हे. पडद्यावरची दाबाची रेघ बघून हा फरक ओळखता येणं, ही या कामातली खरी जाण. काही प्रयोगशाळांनी वेगळी वाट काढली: मज्जारज्जू कापून लघवीची प्रतिक्रियाच थांबवायची, उंदराला तक्त्यावर उभं बांधायचं आणि मूत्राशयातला दाब पायरीपायरीने वाढवत न्यायचा.

भुलीचाही मोठा प्रश्न आहे. बऱ्याचशा भुली लघवीची प्रतिक्रिया दडपतात. युरेथेन ती बरीच शाबूत ठेवतं, पण ते कर्करोगकारक. म्हणून ते दिलेला प्राणी प्रयोगानंतर जिवंत ठेवत नाहीत. म्हणजे ज्या उंदराचं बरं होणं आठवडे बघायचं, त्याच्यावर ते वापरता येत नाही. आपल्याकडे असा प्रयोग करायचा तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते, तिच्यावर प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती, सीसीएसईए, जुन्या नावाने सीपीसीएसईए. 1959 मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेलं तत्त्व या नियमांच्या मुळाशी आहे: प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा.

या कामातून माणसांपर्यंत काय पोचलं? डुलॉक्सेटिन हे औषध 1995 मध्ये थॉर आणि काटोफियास यांनी मांजरांवर तपासलं, आवळणाऱ्या स्नायूची हालचाल वाढलेली दिसली, आणि 2004 मध्ये युरोपात ते या त्रासासाठी मंजूर झालं.

तरी उंदीर बाई नाही. तो चार पायांवर चालतो, पोटातलं वजन त्याच्या ओटीपोटाच्या तळावर बसत नाही. त्याची पिल्लं इवलीशी, बाळंतपणात मादीला आपल्यासारखी इजा होत नाही. म्हणून तर फुगा वापरावा लागतो. लघवी करताना त्याचा स्नायू भराभर उघडझाप करत पिचकारी सोडतो, आपला त्या वेळी सैल पडतो. फुग्याची इजा काही आठवड्यांत बरीचशी भरून येते, म्हणून पुढे फुग्याबरोबर नस चेपण्याचाही प्रयोग जोडला गेला. माझी खरी खंत मात्र वेगळी आहे. फुगा काही तासांचा असतो. चार बाळंतपणं, त्यांवर डझनभर हंगामांच्या मोळ्या, आणि मे महिन्यात बोअरवरून आणलेले हंडे, हे कुठल्याच पिंजऱ्यात बसवता आलेलं नाही.

मावशीला शेवटी सून दवाखान्यात घेऊन गेली. मीही सोबत होते. तपासणीत भरल्या मूत्राशयाने उभं राहून खोकायचं होतं, बाकी काही नाही. ती लाजून अगदी हलकं, घशातल्या घशात खोकली. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला, "मावशी, फडात धूर लागल्यावर खोकता ना, तसं खोका." मग ती खोकली, आणि बाईंनी खाली धरलेल्या पांढऱ्या कागदावर दोन थेंब पडले.